शिंकणारी बाई, क्रमांक तीन

मला शिंक आली तेव्हा त्याचं रेकॉर्डिंग चालू होतं, हे मला कसं कळणार?

काष्टीत एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागतं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, डोक्यावरून ओढणी, अशी मी एका गल्लीत वळले तर समोर छोटा हत्ती टेम्पो उभा. टेम्पोत मिरची कांडायचं यंत्र धडधडत होतं आणि भोवती डबे घेऊन बायका थांबल्या होत्या. यंत्राजवळ एक उंच तरुण मोबाईल पुढे धरून, श्वास रोखून उभा होता. हवेत लाल धूळ. ती माझ्या नाकात गेली आणि... एक नाही, सलग तीन शिंका.

बायका हसल्या. त्यानं मोबाईल खाली घेतला.

"झालं," तो म्हणाला. "यंत्राचा आवाज घेत हुतो. सकाळधरनं चौथी खेप."

"सॉरी."

"असू द्या. शिंक लई सुरात हुती."

मी रागानं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता, खरोखर विचार करत होता, आणि त्याच्या भुवयांवर मिरचीची पूड बसली होती. लाल भुवयांच्या माणसावर रागावणं अवघड असतं. मी प्रयत्न केला, जमलं नाही.

तेवढ्यात त्यानं टेम्पोवरचा भोंगा चालू केला.

'मिरची वाळली का गं बाई, धने भाजले का,
बनुबाईची गाडी आली, डबे घासले का...'

आणि मग एक दणदणीत शिंक. माझी नव्हे, भोंग्यातली. मी जागच्या जागी उभी राहिले.

आता माझं काम सांगते, म्हणजे घोटाळा कळेल. मी नगरच्या एका छोट्या संस्थेत नोकरी करते. लोक काय ऐकतात, काय बघतात, हे घरोघरी जाऊन विचारायचं आणि त्याचा अहवाल रेडिओवाल्यांना, टीव्हीवाल्यांना द्यायचा. दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, मला काष्टीतली चाळीस घरं मिळाली होती. प्रश्न साधा होता: काल सकाळी काय ऐकलंत? सतरा घरांनी सांगितलं, "ती शिंकणारी बाई." मला वाटलं, रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम असणार. कार्यक्रमाच्या रकान्यात तेच लिहून टाकलं. अहवालात बातम्या पहिल्या, भजनं दुसरी आणि 'शिंकणारी बाई' क्रमांक तीन. ती कुठल्या स्टेशनवर लागते, हे शेवटपर्यंत कुणाला सापडलं नाही. मीही नंतर तो विषय काढला नाही.

"ही... ही कोण शिंकली?" मी विचारलं.

"मावशी. गाडी तिची, आवाज तिचा. गाणं मी बांधलं." त्यानं यंत्रामागे पदरानं नाक बांधून बसलेल्या बाईकडे हात केला. "रेकॉर्डिंगच्या वक्ताला शिंकली. म्हनलं राहू दे. आता लोकं शिंकंवरनंच गाडी वळखत्यात."

"मला काय ठावं, आख्खा तालुका ऐकंल म्हणून," बनुबाई पदराआडून म्हणाल्या.

काय करणार, मी खरं सांगून टाकलं. अहवाल, रकाना, क्रमांक तीन, सगळं. तो ऐकता ऐकता टेम्पोच्या फाळक्यावर बसला.

"तीन नंबर? आमी?"

"हो."

"एक नि दोन कोन?"

"बातम्या आणि भजनं."

"मग बरंय," तो म्हणाला. "देवाच्या खाली म्हंजी काय वाईट न्हाई."

त्याचं नाव अजिनाथ. या फेरीत मला काष्टीचे दहा दिवस होते, आणि त्यातल्या दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मी कुठल्याही गल्लीत असले तरी तासाभरात तो टेम्पो तिथं येतोच. गाव एवढं मोठं, गल्ल्या एवढ्या, पण मिरच्या नेमक्या माझ्याच गल्लीत वाळत होत्या.

"आमचं घर कधी इचारनार?" तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

"तुमचं घर यादीत नाही. चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात."

"मग एक चिठ्ठी माझी टाका की."

"तसं चालत नाही."

"नुसतं इचारा. लिवू नका."

मी नुसतं विचारलं. घरात माणसं किती? दोन, मी आन मावशी. सकाळी काय ऐकता? यंत्र. संध्याकाळी? कान वाजत असत्यात, तेच ऐकतो. वैवाहिक स्थिती?

"ह्यो प्रश्न खरंच हाय का तुमीच घातला?"

मी टॅब त्याच्यापुढे धरला. तो वाकून वाचायला लागला. दोनच शब्द होते, पण त्याला बराच वेळ लागला, आणि मीही टॅब मागे घेतला नाही.

"हाय खरा," तो म्हणाला. "मग सांगतो... आजवर कुनी इचारलंच न्हवतं."

सगळं गाव मला ताई म्हणायचं. म्हातारे, पोरं, दुकानदार, सगळे. हा एकटा मॅडम म्हणायचा. मी कारण विचारलं तर बाजूला बघत म्हणाला, "बाकीच्यांना म्हनू द्या ताई. मी न्हाई म्हननार." त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून नगरपर्यंत हसत होते. शेजारच्या आजींनी विचारलं, "माहेराला निघाली का गं?"

आठव्या दिवशी भोंगा वाजला नाही. टेम्पो बनुबाईंच्या दारात उभा होता. अजिनाथ ओट्यावर बसला होता आणि त्याच्या हातात एक पत्र होतं. त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा मोठ्या मसाला कंपनीची जाहिरात. चकचकीत स्वयंपाकघर, गुळगुळीत नटी, आणि चाल... तीच. शब्द बदललेले, पण शेवटी शिंक तीच, बनुबाईंची.

पत्र कंपनीच्या वकिलाचं होतं. ही धून आणि हा ध्वनी मागच्या वर्षी जानेवारीत आमच्यासाठी तयार झाला आहे, तुम्ही त्याची नक्कल वाजवताय, ताबडतोब बंद करा. हरकत असेल तर त्याआधीचा पुरावा पंधरा दिवसांत द्या. अजिनाथनं इंटरनेटवर टाकलेला गाण्याचा व्हिडिओही त्यांनी काढून टाकायला लावला होता.

"पुरावा नाही का काही?"

"जुना मोबाईल बदलून नवा घेतला, कार्ड त्याच्यासंगट गेलं. व्हिडिओ टाकला मागल्या पावसाळ्यात. त्येंचा जानेवारी आधी येतो." तो पत्राची घडी घालत होता, उलगडत होता. "गाडीचं जाऊ द्या मॅडम. दुसरं गाणं बांधीन. पन मी चोर हाय असं लिवलंय ह्यात."

बनुबाई दारात उभ्या होत्या. "माजं नाक, माजी शिंक," त्या म्हणाल्या. "त्येंची कशी झाली?"

पुरावा माझ्याकडे होता. त्यांच्या जानेवारीच्या नऊ महिने आधीचा, तारीख-वारासकट, सतरा घरांचा. मला तो त्याच क्षणी आठवला, आणि मी तोंड उघडलं नाही.

का? कारण त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात सुपरवायझर निवडायचा होता. यादीत दोन नावं होती, माझं आणि ज्योतीचं. निवड कशावर, तर कामातल्या अचूकपणावर. आणि मी तिथं जाऊन सांगायचं की मी दोन वर्षांपूर्वी मिरचीच्या टेम्पोला रेडिओ कार्यक्रम केलं? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. तो माणूस माझ्यासमोर पत्राच्या घड्या घालत होता आणि मी माझी बढती मोजत होते.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी सावेडीत रंगनाथ सरांच्या दारात उभी होते. सर आमचे प्रमुख. चष्मा कपाळावर ठेवून ऐकायची त्यांना सवय आहे. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे क्रमांक तीन टेम्पो होता," ते म्हणाले.

"हो सर."

"क्लायंट दोनदा विचारत होता, स्टेशन कुठलं. मी 'स्थानिक' म्हणून ठोकून दिलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चूक तुझी, सही माझी. दोघांनाही ते लिहून द्यावं लागेल. बढतीचं तुला कळलंच असेल?"

"कळलं सर."

"तारीख आणि आकडा मी संस्थेच्या कागदावर देतो. पण कंपनीला माणसं लागतील, नावं लागतील. आणि नाव कुणाला सांगणार नाही, असा शब्द आपण त्या घरांना दिलाय. ज्यांनी शब्द घेतला, त्यांनीच तो सोडला पाहिजे. प्रत्येकाची लेखी परवानगी आण."

काष्टीला पोचल्यावर मी अजिनाथला सांगितलं. आनंद होईल असं वाटलं होतं.

"तुमची बढती गेली?"

"गेली."

"माझ्यापायी?"

"माझ्या चुकीपायी. तुम्ही मध्येमध्ये येऊ नका," मी म्हणाले. "आणि चला, सतरा घरं करायची आहेत."

तो उठला. पायात चपला चढवताना म्हणाला, "मधी तर मी कवाच आलोय." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. मी परवानगीचा कागद वाचून दाखवायचे, तो घराघरातलं पाणी पिऊन चुपचाप उभा राहायचा. एका आजोबांना आपण रेडिओबद्दल बोललो होतो हेच आठवेना, त्यांचं नाव मी सोडून दिलं. नूरमहंमद चाचांनी सही करून वर विचारलं, कंपनीच्या साहेबाला फोन लावून शिंकून दाखवू का. लंकाबाई तर रागावल्याच. "नाव लपवायचं काय त्यात? मोठ्या अक्षरात लिही. त्या शिंकेवर मी चहा टाकत हुते. शिंक झाली की आधण ठेवायचं, घड्याळ कोन बघतंय."

त्यांची सही होते न होते तोच वळवाचा पाऊस आला. लंकाबाईंच्या गच्चीवर दोन चादरी भरून मिरच्या वाळत होत्या. आम्ही तिघं धावलो. मोठमोठे थेंब, तापलेल्या गच्चीचा वास, ओंजळीनं गोळा केलेल्या मिरच्या... जिन्यात आलो तेव्हा मी भिजले होते आणि पाणी डोळ्यांत उतरत होतं. मी हात वर नेला.

"न्हाई," तो म्हणाला, आणि माझं मनगट धरलं. "मिरचीचा हात डोळ्याला लावायचा न्हाई."

मग त्यानं स्वतःच्या सदऱ्याची कोरडी बाही पुढे ओढून माझे डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा. लंकाबाई वरून खाली येईपर्यंत मनगट त्याच्याच हातात होतं. मला ते सोडवायचं नव्हतं, हे मी इथं स्पष्ट सांगते.

सोळा सह्या, संस्थेचं पत्र, माझा आणि सरांचा कबुलीजबाब, असं सगळं एका वकिलामार्फत गेलं. तीन आठवडे काहीच आलं नाही. दरम्यान ज्योती सुपरवायझर झाली आणि तिनं मला पेढे दिले. मी ते खाल्ले, थोडे कडू लागले, पण खाल्ले. नवीन नोकरदारांना शिकवताना रंगनाथ सर आता माझा किस्सा सांगतात. 'उत्तर मिळालं की थांबू नका, कुठून ऐकलं तेही विचारा.'

मग उत्तर आलं. कंपनीनं जाहिरात मागे घेतली होती, धून बाहेरच्या माणसाकडून घेताना चौकशी केली नाही असं मान्य केलं होतं, आणि खाली दोन ओळी होत्या: गीत व चाल अजिनाथ, आवाज बनुबाई. पुढे वापरायची झाल्यास तुमची परवानगी मागू. बनुबाईंनी आपलं नाव तीन वेळा वाचून घेतलं. "देऊ नको परवानगी एवढ्यात," त्या म्हणाल्या. "थोडं थांबू दे त्यांना."

शनिवारी बाजार होता. माझं काष्टीतलं काम कधीच संपलेलं, तरी मी एसटीनं गेले. टेम्पो बाजाराच्या कडेला उभा होता. अजिनाथनं मला फाळक्यावर बसवलं, चहा दिला आणि एक कागद काढला. माझ्याच परवानगीच्या कागदावरून उतरवलेला, हातानं लिहिलेला.

"काय आहे?"

"पयल्या दिवशी माझं रेकॉर्डिंग खराब झालं हुतं ना... ते मी पुसलं न्हाई. तुमच्या तीन शिंका हायेत त्यात. नवं गाणं बांधलंय त्याच्यावर." तो यंत्राकडे बघत बोलत होता. "महिना झाला, तयार हाय. वाजवलं न्हाई."

"का?"

"तुमाला इचारलं न्हवतं. न इचारता वाजवलं तर त्या कंपनीत आन माझ्यात फरक काय राहिला?"

मी कागद वाचला. 'मी, रोहिणी, माझी शिंक वापरण्यास अजिनाथ यांना परवानगी देत आहे. मुदत:' आणि पुढे जागा कोरी.

"मुदत किती टाकू?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण जरा बारीक आला.

"तुमी म्हनाल ती. ह्या हंगामापुरती चालंल. पन..." तो थांबला. पहिल्यांदाच त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं, आणि भुवया त्या दिवशीही लालच होत्या. "मला हंगामापुरती नकोय, रोहिणी. मला तुमी रोज पायजे."

मॅडम नाही, ताई तर नाहीच. त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'जन्मभर'. सही केली. कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून वरच्या खिशात ठेवला, परत काढून वाचला.

"वाजवू?" त्यानं विचारलं.

"वाजवा. पण नावासकट."

भोंगा खरखरला, भर बाजारात माझ्या तीन शिंका घुमल्या, आणि यंत्रामागून बनुबाई म्हणाल्या, "माज्यापेक्षा बारीक हाय शिंक. पन चालंल, घरातलीच हाय."