पाणी सोडू नकोस

पूर्वरंग लांबवत नाही. देवाला स्मरून सांगतो, हे माझ्या मावशीच्या बाबतीत खरंच घडलंय.

रात्र नव्हती. दाट धुक्याची सकाळ होती. जागा म्हणजे तळ्याला मिळणारा एक लहानसा ओढा.

मावशी मोजणीदार. उगमापासून तळ्यापर्यंत ओढ्याचा नकाशा करायचा होता. तिची पद्धत ठरलेली. पाण्यातूनच चालायचं आणि प्रत्येक वळणावर झुडपाला लाल फीत बांधायची. काका, म्हणजे तिचे यजमान, तळ्याकाठी थांबून शिट्टी वाजवणार.

निघताना काका तिला म्हणाले, "साहेब, वाट चुकलात तर शिट्टीकडे या. चहा गार झाला तर मी जबाबदार नाही!"

"ओढ्यात कोण चुकतं हो? पाणी जाईल तिकडे तळं."

वळणं घेत, फिती बांधत ती उगमापासून खाली निघाली. शिट्टी समोरून येत होती.

मग... खळखळ थांबली.

पाणी वाहत होतं. आवाज तेवढा नव्हता.

पुढचं वळण आलं. तिने पिशवीत हात घातला, आणि तो तसाच राहिला.

तिथे आधीच फीत होती...

गाठ तिचीच.

त्यापुढच्या वळणावरही. त्याच्याही पुढच्या.

शिट्टी आता मागून आली.

ती वळली... आणि पाणीही वळलं. तोंड करावं तिकडे ते पुढेच वाहायचं.

 

धुक्यातून काकांचा आवाज आला... "ये. अशीच ये. पाणी सोडू नकोस."

मावशी थबकली. लग्न झाल्यापासून काकांनी तिला "साहेब, या" शिवाय हाक मारली नव्हती.

जन्मात पहिल्यांदा तिने मोजणी अर्धवट टाकली. काट्यांतून ओरबाडत काठ चढली. मागे "सोडू नकोस" चालूच होतं...

टेकाडापलीकडे तळं दिसलं. ओढ्याच्या तोंडाशी काका. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक पाय पाण्यात.

तिने दंडाला धरून त्यांना बाहेर खेचलं.

काका पांढरेफटक. "साहेब... तुम्ही इथे? मग मघापासून आतून मला कोण बोलावतंय?"

तेवढ्यात ओढ्यातून मावशीचाच आवाज आला...

"अहो, या ना. पाणी सोडू नका."

या खेपेला हाक अगदी बरोबर होती. मावशी काकांना अशीच बोलावते.

तो नकाशा अजून अपुराच आहे.

आणि आजही नळ चालू असताना काकांची हाक आली, की मावशी ओ देत नाही. आधी नळ बंद करते.

मग हाक पुन्हा येते का, ते ऐकत उभी राहते...