मिड-इन्फ्रारेड आणि राजवर्धन

"पावणं, ते झाकण ठेवा की खाली."

मी ओरडले आणि आधी धावत जाऊन लेझर बंद केला. शेजारच्या विभागात सामान पोचवायला आलेला हा गडी दार चुकून आमच्या प्रयोगशाळेत शिरला होता, आणि माझ्या लेझरच्या पेटीचं झाकण उचलून आत डोकावत होता.

"उजेड कुठं हाय?" त्यानं शांतपणे विचारलं.

"दिसणार न्हाय. मिड-इन्फ्रारेड हाय तो. दिसत न्हाय, पण डोळं घालवंल."

सकाळभर नायट्रोजन सोडून मी पेटीतली दमट हवा बाहेर काढली होती. हवेतली वाफ हा उजेड गिळते, म्हणून एवढा खटाटोप; आणि या बाबानं श्रावणातली सगळी ओल आत घेतली. मी मनसोक्त भांडले. तो हसत होता... हसताना चांगला दिसत होता, हे मला आणखीच खटकलं.

त्याच आठवड्यात तो, राजवर्धन, परत आला. कागल एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप होतं. तिथून रबरी कडेचं हवाबंद झाकण घडवून त्यानं आणलं. मग येतच राहिला. मीही सांगत राहिले — दोन झोत एका स्फटिकात भेटले की तिसरा जन्मतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातल्या शंभरेकांत मावेल एवढाच तो टिकतो. आणि तेवढ्यात रेणू थरथरताना पकडायचा.

"आणि माणूस थरथरला तर?" त्यानं माझ्याकडं बघत विचारलं.

मी उगाच एक स्क्रू पिळत बसले.

इकडे शिवाजी पेठेत, घरी, माझ्या वडलांनी, आण्णांनी, बघायचा कार्यक्रम ठरवला. पाहुण्यांची अट एकच: लग्नानंतर प्रयोगशाळा बंद. आण्णा मान डोलवत होते. मी पोह्यांची बशी टेबलावर आपटली.

"लेझर मी सोडणार न्हाय. आणि लग्न करीन तर राजवर्धनशीच."

"कोण राजवर्धन?" आण्णांनी विचारलं.

खरं तर राजवर्धनलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्याला विचारलंच कुठं होतं!

तशीच पदर खोचून स्कूटीवरून कागल गाठलं. यंत्रांच्या खडखडाटात त्याला सगळं सांगून टाकलं. वर ठणकावलंच, "माझं काम चालूच राहणार. पटत नसंल तर आत्ता सांगा."

त्यानं मशीन बंद केलं. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला.

"क्रांती, तू ते काम सोडलंस, तर मीच लग्न करणार न्हाय."