गवताचा बोळा

"अरे, अरे, अरे! फौजदार पुन्हा बादलीवर आपटला!"

चष्मिसने हातातला पाण्याचा पाइप टाकला आणि धूम ठोकली. फौजदार म्हणजे तबेल्याचा राखणदार कुत्रा. एरवी उंदीरसुद्धा त्याच्या परवानगीशिवाय आत यायचा नाही! आज मात्र तो लाळ गाळत, फेंगडे पाय टाकत थेट भिंतीवर चालला होता.

"झिंगलाय!" शेपटाने निदान करून टाकलं. शेपूट म्हणजे चष्मिसचा धाकटा भाऊ. मोठे जातील तिथे मागोमाग हजर, म्हणून शेपूट.

"गप रे! त्याला दिसत नाहीये," ताई म्हणाली. तिघांत ती मोठी, आणि आधीच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण होती बाईसाहेब. मामा घोडेस्वारी शिकवायचा खरा, पण दर सुट्टीत या तिघांना शिकवलं ते बाईसाहेब नावाच्या म्हाताऱ्या घोडीनेच. कुणी पडलं की ती जागच्या जागी थांबायची आणि मान वळवून बघायची, 'झालं का रडून?' आता तिच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. पोट लोंबत होतं, कातडी निस्तेज झाली होती.

"जंतांनी खाल्लंय तिला," मामा म्हणाला होता. "औषध वेळच्या वेळी देतो, तरी गुण नाही. डॉक्टरीणबाई आज येतायत. त्यांनी हात टेकले, तर कायमची झोपवायची. उगाच हाल नकोत."

तेवढ्यात मामी खिडकीतून ओरडली, "काल घोड्यांना औषध दिलं ना? मग झालंच! औषध घोड्यांना आणि चढतं कुत्र्याला! दर वेळचं आहे. तुमच्या मामाचा सगळाच उफराटा कारभार!"

चष्मिस फिदीफिदी हसला. ताई हसली नाही.

"दर वेळी?" ती पुटपुटली. "चला माझ्याबरोबर!"

तिघं बाईसाहेबच्या खणात शिरली आणि खालचा पेंढा उपसू लागली. शेपटाला शिंकांवर शिंका! पण सापडलं तेही त्यालाच. चघळलेल्या गवताचा एक बोळा, अर्धवट कुरतडलेला, आणि आत पांढरं, चिकट काहीतरी.

"ई! हे काय?"

चष्मिसने वास घेतला. "औषध! तिने थुंकलं आणि फौजदाराने खाल्लं!"

"म्हणजे घोडी औषधाविना आणि कुत्र्याला विषबाधा," ताई म्हणाली.

मामाला सांगितलं, तर तो उखडलाच. "अर्धं आयुष्य घोड्यांत गेलं माझं! ती आणि शेजारच्या खणातलं ते शिंगरू, दोघं मान झटकतात. म्हणून आधी तोंडात गवत द्यायचं. चघळताना गुमान उभी राहतात. नळी घातली, दाबली, संपलं! अशी युक्ती दुसऱ्या कुणाकडे आहे का?"

पालथ्या घड्यावर पाणी! मग तिघांची कुजबुज झाली. औषधाची रिकामी नळी स्वच्छ धुतली गेली आणि मामीच्या कपाटातला लाल जॅम निम्म्यावर आला. (थोडा शेपटाच्या पोटात गेला, हे सांगायलाच हवं.)

डॉक्टरीणबाई फौजदाराला तपासून उठल्या, तशी ताई साखरेसारखी गोड झाली. "मामा, बाईंना तुझी युक्ती दाखव ना! नळीत नुसता जॅम आहे."

मामा हरभऱ्याच्या झाडावर चढला! त्याने बाईसाहेबला गवत दिलं, नळी दाबली आणि हात पुसत ऐटीत मागे वळला. घोडीने दोन-चार वेळा चघळलं, ओठ हलवले... थप्! लालभडक बोळा डॉक्टरीणबाईंच्या बुटाशी पडला.

"औषध थुंकलं!" शेपूट टाळ्या पिटत ओरडला.

"औषधाला दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडात घास असला की औषध घासाला चिकटतं आणि घोडा घासच टाकून देतो. तोंड आधी रिकामं हवं. औषध जिभेवर मागे पडायला हवं, आणि ते गिळेपर्यंत मान वर धरायची. किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं," मामा खाली बघत म्हणाला.

त्या दिवशी बाईंनी स्वतः नीट औषध दिलं. फौजदाराची नजर हळूहळू परत आली. काही दिवसांनी घोडीची लीद तपासली, तर जंतांची अंडी जवळजवळ गेलेली! पोरांनी अंगणात असा धिंगाणा घातला की शिंगरू बिथरलं.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "जंत गेले, पण जाताना आतडं पार खराब करून गेले. आता खाल्लेलं तिच्या अंगी लागणार नाही."

"मग आम्ही शोधलं त्याचा काय उपयोग?" चष्मिसने विचारलं.

"तिला? आता काही नाही, बाळा."

सुट्टी संपायच्या आत बाईसाहेब एका सकाळी बसली ती उठलीच नाही. मुलांनी ओढलं, चुचकारलं, जॅमचं बोट दाखवलं. तिने मान वळवून बघितलं फक्त. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, तेव्हा तिचं डोकं मामाच्या मांडीवर होतं. एवढा मोठा माणूस पोरांदेखत ढसाढसा रडला.

निघायच्या दिवशी मामाने तबेल्यातल्या सगळ्यांना गोळा केलं. "मला जे दोन वर्षं दिसलं नाही, ते या पोरांनी एका दिवसात पकडलं. शाबास रे!" त्याने तिघांच्या पाठी थोपटल्या. मामीने मिठाई वाटली. शेपटाने आपली तशीच हातात धरून ठेवली.

"आपण जिंकलो ना, ताई?" त्याने हळूच विचारलं.

शेजारच्या खणात शिंगरू उभं होतं आणि आज त्याच्या औषधाचा दिवस होता. बाईसाहेबच्या रिकाम्या खणाकडे न बघता ताई आत गेली. त्याच्या ओठांच्या कडेतून तिने बोट घातलं आणि गालाच्या आत चाचपून बघितलं.

"तोंड रिकामं आहे, मामा," ती म्हणाली. "दे आता."

मामाने नळी दाबली, आणि शिंगराने गिळेपर्यंत दोघांनी त्याची मान वर धरून ठेवली.