परसातला कोबा

भाद्रपद वद्य नवमीच्या सकाळी विश्वंभर मिस्त्री घण, पहार, थापी, रंधा आणि पाण्याची नळी घेऊन उत्तमरावाच्या घरी निघाला. काम लहान होते. परसातला दहा बाय बाराचा कोबा फोडायचा, ढाळ नव्याने द्यायचा आणि पुन्हा कोबा टाकायचा. पंधरवडा पितरांचा होता. नव्या घराचा पाया या दिवसांत कुणी खणत नाही, परंतु दुरुस्तीला दोष नसतो, असे त्याने देवापुढे हात जोडून स्वतःलाच सांगितले. नवमी ही नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची तिथी आहे, हे त्याला ठाऊक होते. ते त्याने मनात येऊ दिले नाही.

एके काळी जवळा बाजार गावात म्हणत, विश्वंभरने ढाळ दिला की पाणी त्याचे ऐकते. ही कीर्ती तीन वर्षांपूर्वी संपली, आणि ती याच परसात संपली.

तेव्हा आषाढ होता. उत्तमरावाने त्याला सकाळीच बोलावणे धाडले. त्याची बायको मनकर्णा आदल्या दिवसापासून घरात नव्हती. भांडून निघून गेली, असे तो सांगत होता. परसातली भर घालून झाली होती. "भर मीच घातली हाय," उत्तमराव म्हणाला, "तुमी फक्त कोबा टाका." एका कोपऱ्यातली माती नुकतीच धुम्मसाने ठोकलेली दिसत होती. भर बसावी म्हणून विश्वंभरने तिच्यावर पाणी मारले. माती खचली आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा वर आला. विश्वंभरने मागे वळून पाहिले नाही. तुकडा त्याने अंगठ्याने आत दाबला आणि त्यावर खडी ओतली.

आठ दिवसांनी साखऱ्याहून मनकर्णेच्या माहेरची माणसे आली. मारुतीच्या देवळात गाव जमले. मिस्त्रीने परसात काय पाहिले ते हातात पाणी घेऊन सांगावे, असे ठरले. विश्वंभर सभामंडपात मान खाली घालून बसला. तोंडावरून पदर ओढलेली एक बाई पुढे आली. ही मनकर्णेची आई चंदाबाई, असे त्याने धरले. तिने पितळी तांब्यातून त्याच्या उजव्या तळहातावर पाणी ओतले. तांब्याचा काठ एका बाजूने चेपलेला होता. मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या. त्यापलीकडे नजर उचलण्याची त्याची छाती झाली नाही.

"बोल, मिस्त्री." पदराआडून आवाज आला.

"म्या काई पायलं न्हाई," तो म्हणाला, आणि पाणी जमिनीवर सोडले.

उत्तमराव गावातला भारी माणूस होता आणि विश्वंभर भित्रा होता. याहून मोठे कारण नव्हते. परंतु देवापुढे खोटे बोलणाऱ्याला कारण मोठे आहे की लहान, हे कुणी विचारीत नाही. त्या दिवसापासून त्याचा उजवा तळहात कोरडा झाला नाही. पंच्याने पुसावा, चुलीवर धरावा. तळहाताच्या खळगीत पाणी पुन्हा येई.

आणि परसातल्या त्या कोपऱ्यात पाणी साचू लागले.

*

पुढे जे घडले ते दिवसाढवळ्या घडले. अंधाराला दोष देता येणार नाही.

"या, मिस्त्री," उत्तमराव परसाच्या दारात उभा होता. "ढाळ काय सासऱ्याच्या घराकडं दिलता का? बायको पळाली ते गाव इसरलं. माझ्या परसात पानी तुंबतं ते कोणी इसरून न्हाई राहिलं."

"ढाळ बराबर दिलता, मालक."

"मंग पानी काहून हालत न्हाई?"

विश्वंभरने कोपऱ्याकडे पाहिले. दोन बोटे पाणी साचलेले होते, साडेपाच फूट लांब आणि दोन फूट रुंद. आठ दिवस पाऊस नव्हता. पाण्यावर एक चिलट नव्हते. भिंतीवर चिमण्या होत्या. एकही खाली उतरत नव्हती. परसाला ओल्या मातीचा नव्हे, बंद पेटीतल्या जुन्या लुगड्याचा वास येत होता.

उत्तमरावाची दुसरी बायको शिला चहा घेऊन आली. कनेरगाव नाका या गावची लेक. लग्नाला दीड वर्ष झाले होते. तिच्या डाव्या भुवईवर टाके होते आणि गाल काळानिळा पडला होता.

"च्या घ्या, भाऊ." मग कुणी विचारले नसता ती म्हणाली, "मोरीत घसरले."

"नजर वर ठेवून चालली असंल," उत्तमराव हसला. "तिला सवय हाय, इकडं तिकडं पाह्याची."

शिला हसली नाही. ती दारात जाऊन उभी राहिली.

विश्वंभरने लेव्हल काढायला नळी पाण्याने भरली. एक टोक त्याने उत्तमरावाच्या हातात दिले, दुसरे आपण धरून कोपऱ्यात गेला. नळीची दोन टोके कितीही लांब असोत, दोन्हीकडचे पाणी एका उंचीला उभे राहते. तीस वर्षांत या गोष्टीने त्याला कधी फसवले नव्हते.

"तुमच्याकडं कुठवर आलं, मालक?"

"आलं कुठं? उतरून राहिलं खाली."

विश्वंभरच्या टोकातले पाणी चढत होते. ते काठाला आले, काठावरून सांडले आणि मनगटावरून ओघळत त्याच्या उजव्या तळहातात जमले. तळहात भरला. पाणी थांबले. बर्फासारखे गार होते.

"नळी फुटली असंल," उत्तमराव म्हणाला.

"न्हाई, मालक... नळी फुटली न्हाई."

उत्तमरावाने टोक फेकून दिले. त्याने डबाभर फक्की आणली आणि समोरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेघा आखल्या. "आता लेव्हलचं राहू द्या. हितं शोषखड्डा घ्या. साडेपाच फूट लांब, दोन रुंद, चार खोल. पानी जिरंल आपोआप."

"शोषखड्डा चौकोनी राहतो. तीन बाय तीन बास झाला."

"मी म्हनतो तेवढा खणा. सांजच्याला भर मीच घालतो. तुमी उद्या फक्त कोबा टाका."

खणायला उचललेली पहार विश्वंभरच्या हातात थांबली.

"आन् तो तिकडचा ओला तुकडा फोडू नका," उत्तमराव पुढे म्हणाला. "त्याच्यावरूनच नवा कोबा घ्या. उद्या घर मोकळंच हाय. शिला माहेरी जाऊन राहिली."

दारातून शिलेचा आवाज आला. "मी?... मला कुठं जायाचंय?"

भिंतीवरच्या चिमण्या एकदम उडून गेल्या.

विश्वंभरने फक्कीच्या रेघांकडे पाहिले, मग साचलेल्या पाण्याकडे. दोन्हीचे माप एक होते. एक खड्डा त्याने झाकला होता, दुसरा त्याच्याच हातून खणून घ्यायचा होता. माणूस एकदा गप्प बसला की त्याच्या गप्प बसण्यावर लोक पुढचा बेत बांधतात, हे त्याला त्या क्षणी समजले. त्याने पहार खाली टाकली, घण उचलला आणि पाण्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मिस्त्री, तिथं हात लावायचा न्हाई."

"तीन सालापूर्वीच लावायला पाह्यजे हुता, मालक." मग मागे न पाहता तो म्हणाला, "शिलाताई, पुढच्या दारानं भायेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

त्याने घण घातला. पाणी उडाले आणि कोब्याला तडा गेला. दुसरा घाव घालण्यासाठी त्याने हात उचलले, तोच उत्तमरावाने मागून पहार हाणली. डाव्या खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज विश्वंभरने स्वतः ऐकला. तो गुडघ्यांवर आला. दुसरा तडाखा पाठीत बसला. तोंडात रक्त आले.

शिला पुढच्या दाराने गेली नाही. ती ओरडत धावत आली आणि तिने पहारीला मिठी मारली. उत्तमरावाने तिला केसांना धरून भिंतीवर आपटले. टाके उसवले; रक्त डोळ्यांत उतरले. ती खाली बसली. तो पाण्यात पाय रोवून उभा राहिला आणि त्याने पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

तेव्हा पाणी हलले.

तीन वर्षे जागचे न हललेले ते पाणी ढाळाच्या उलट, चढाच्या दिशेने, एकदम सरकले. कुणी पायाखालचे अंथरूण ओढावे तसे उत्तमरावाचे दोन्ही पाय ओढले गेले. पहार हातातून सुटली. उत्तमराव तोंडावर पडला. पाणी परत आले आणि त्याच्या तोंडाभोवती जमले.

दोन बोटे पाणी होते. रांगते लेकरूही त्यातून मान वर काढील. उत्तमरावाची मान वर येईना. त्याने तळहात टेकले, बोटे कोब्यावर ओरबाडली; नखे तुटली आणि सिमेंटवर लाल रेघा उठल्या. पाण्यात बुडबुडे येत होते. विश्वंभरने सरपटत जाऊन उजव्या हाताने त्याची कॉलर धरली आणि सारे बळ लावून ओढले. भरलेले घमेले एका हाताने उचलणारा तो माणूस. त्याला ते डोके बोटभर हलवता आले नाही. वर कुणीतरी बसले होते. दिसत काही नव्हते.

"ताई... हात लावा..."

शिला भिंतीला पाठ लावून पाहत राहिली. तिने हात लावला नाही.

बुडबुडे थांबले. मग पाणी ढाळाने, विश्वंभरने तीन वर्षांपूर्वी दाखवलेल्या वाटेने, सरळ परसाच्या नालीच्या तोंडाशी गेले आणि आवाज करीत खाली उतरले. कोबा कोरडा झाला. ढाळ बरोबर होता.

*

पोलीस आले तेव्हा कुणी विचारण्याआधीच विश्वंभरने सारे सांगितले. बांगडीच्या तुकड्यासह, देवळातल्या शपथेसह. उत्तमरावाच्या मानेवर पाच बारीक, अर्धगोल वळ होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. कशाने उठले ते लिहिले नाही.

कोबा दुसऱ्या माणसांनी फोडला. चार फुटांवर मनकर्णा सापडली. उजव्या मनगटाच्या हाडांत हिरव्या बांगड्या होत्या. कवटी एका बाजूने फुटलेली होती, आणि तिच्याजवळ ज्याने ती फोडली ते पडले होते. पंचांनी ते माती झटकून वर काढले. एक पितळी तांब्या. काठ एका बाजूने चेपलेला.

विश्वंभरने तो ओळखला. घरोघरी तसे तांबे असतात, असे त्याने स्वतःला सांगितले. पुष्कळदा सांगितले.

जामिनावर सुटल्यावर, गळ्यात बांधलेल्या हातानिशी, तो साखऱ्याला गेला. मनकर्णेची आई चंदाबाई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले.

"माय, तुमच्या हातचं पानी घेऊन म्या देवळात खोटं बोललो. ते पानी परत घ्या. हात वाळून न्हाई राहिला."

चंदाबाईने डाळ बाजूला सारली.

"माझ्या हातचं? मी कवा आलते जवळ्याला, बाबा? तवा मी तापानं फणफणून राहिलते. माझा लेक गेलता, गावातल्या दोघा बाप्यांला घेऊन. बाईमाणूस कोणीच नव्हतं संगं."

विश्वंभर उठून ओट्याच्या कडेला बसला.

"लांबून आलास. पानी पी," ती म्हणाली. ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. नवरा जाऊन तिला वीस वर्षे झाली होती; दोन्ही मनगटे उघडी होती, त्यांवर फक्त गोंदण होते. विश्वंभरने उजवा तळहात पुढे केला. तिने तांब्या वाकवला.

बांगड्या किणकिणल्या.