वळलेली चाकं

थंडीच्या दिवसांत जुनी डिझेल गाडी सकाळी धूर ओकणारच, त्यात नवल ते काय, असं पुटपुटत मिस्त्री बहिणीच्या फाटकातून आत शिरला. हातात हत्यारांची पेटी आणि कपाळावर आठी. आठी गाडीसाठी नव्हती, गाडीच्या मालकासाठी होती. मालक गेल्या हिवाळ्यात तापाने गेला, तरी आठी तेवढी जाग्यावर राहिली होती.

बहिणीच्या नवऱ्याला त्याने कधी ‘दाजी’ म्हटलं नाही. होता तोवर ‘अरे’, आणि गेल्यावर ‘तो’. अंगाने आडवा, बोलायला मुका, रोपवाटिकेत दिवसभर माती कालवत बसणारा माणूस. त्याच्या हाती गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं मिस्त्री चारचौघांत म्हणायचा. त्याच्या तोंडावरही म्हणायचा. तो नुसता हसायचा.

आता तीच पिकअप बहीण स्वतः चालवणार होती. दुसऱ्या दिवशी रोपं भरून घाटापलीकडे एका बागवाल्याला पोचवायची होती. नाही पोचली तर तो दुसरीकडून घेणार, आणि मग रोपवाटिकेला कुलूप लावून भावाच्या दारात येऊन राहणं, एवढंच तिच्या हाती उरत होतं.

“भंगारात घाल म्हटलं होतं ना तुला?” मिस्त्री म्हणाला.

“घालते की. मग मला ठेवून घ्यायचं का, वहिनीला एकदा विचारून ये,” ती हसून म्हणाली. “बघ तरी, दादा. वळवताना रडते, आणि सकाळी सगळी शेड धुराने भरून टाकते.”

पत्र्याच्या शेडमध्ये धुकं शिरलं होतं. ओल्या मातीचा आणि शिळ्या डिझेलचा वास कोंडला होता. बहिणीने वर बसून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं, आणि मागून पांढरा धूर असा आला की भिंत दिसेना. डोळे चुरचुरले.

“हिटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. त्याने तुला हेसुद्धा शिकवलं नाही?”

“दिवा लागतच नाही रे.”

मिस्त्रीने तपासलं. हिटर प्लग मेले होते. थंड इंजिनात डिझेल अर्धं जळत होतं, अर्धं धूर होऊन बाहेर पडत होतं. “बघ, ही तुझी भुताटकी. आता रडणं ऐकू.” तिने स्टिअरिंग वळवलं तसा बॉनेटखालून लांबलचक हुंदका आला. स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपात तेल तळाला गेलेलं, त्यावर फेस. “उभ्या गाडीत टोकापर्यंत वळवायचं आणि तसंच दाबून धरायचं, ही त्याची खोड. पंपाचा जीव घेतला त्याने.”

बहिणीने इंजिन बंद केलं. मग खाली मान घालून हळूच म्हणाली, “दादा… रात्री मी चाकं सरळ ठेवून जाते. सकाळी येते तर उजवीकडे वळलेली असतात. रोज…”

“तूच वळवून ठेवतेस नि विसरतेस. नवऱ्याचं वारं लागलंय तुला, दुसरं काही नाही.”



मिस्त्रीने मागच्या चाकांना दगड लावले आणि पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकला. त्याची रीत होती: वर कुणी तरी स्टिअरिंग फिरवायचं, आणि खाली याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. कान फसवतो, बोटं फसवत नाहीत. पण सांध्यांवर बोटबोट चिखल होता. “आतून जुनं कापड आण आधी,” तो ओरडला. तिच्या चपला फरशीवरून लांब गेल्या.

पत्र्यावरून दव टपटपत होतं. मग वर सीट करकरली, आणि हाताखालचा, चाकं वळवणारा टाय रॉड सरकला.

“आलीस? कापड राहू दे. डावीकडे घे.”

चाकं डावीकडे वळली.

“आता उजवीकडे. हळू.”

चाकं हळू उजवीकडे वळली. इंजिन बंद असताना हे स्टिअरिंग दगडासारखं जड असतं, बहिणीच्या काटकुळ्या मनगटांना ते बरं जमतंय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात बोटांखाली खट्ट झालं. त्याने चिखल खरवडला. सांध्याची वाटी तडकली होती, आतला गोळा बाहेर यायला टेकला होता. घाटाच्या एखाद्या वळणावर निखळला, की चाक एकीकडे आणि गाडी दरीत.

“हे बघ त्या मातीच्या गोळ्याचे प्रताप,” मिस्त्री खालून म्हणाला. “जाताना तुलाही सोबत न्यायची सोय करून गेला.”

स्टिअरिंग आणखी उजवीकडे गेलं. टाय रॉड आणि चासीच्या मधे त्याचं मनगट होतं.

“बास. थांब.”

ते थांबलं नाही. टोकापर्यंत गेलं, आणि तिथे दाबून धरलं गेलं.

“अगं, हात अडकलाय… सोड.”

पकड ढिली झाली नाही. फक्त ओल्या मातीचा वास दाट झाला, कुणी नुकती कालवल्यासारखा. मिस्त्रीने मान वाकडी करून शेडच्या दाराकडे पाहिलं. धुक्यातून बहिणीच्या चपला घराकडून येत होत्या. अजून पायरीशीच होत्या…

मनगटातलं हाड कुरकुरलं. शेवटी कुजबुजल्यासारखा शब्द बाहेर पडला.

“दाजी… सोडा.”

चाकं सावकाश सरळ झाली.

“कुणाशी बोलतोयस, दादा?” बहीण कापड घेऊन दारात उभी होती.

“कुणाशी नाही,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून पुढे एकही टोमणा निघाला नाही. त्याने दुकानातून नवा सांधा आणून बसवला, हिटर प्लग बदलले. पंप मात्र अडकायला आला होता, म्हणून तो फिरवणारा पट्टाच काढून सोबत घेतला. “नवा येईपर्यंत स्टिअरिंग जड लागेल. खांदे दुखतील. घाटात सावकाश जा,” असं दोनदा बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली, तेव्हा पिकअप त्याच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. बहीण धडधाकट खाली उतरली. चेहरा उजळलेला. मिस्त्रीने किती दिवसांनी देवाचं नाव घेतलं.

“रोपं पोचली. पुढच्या महिन्याचीही सांगितली बागवाल्याने,” ती म्हणाली. “आणि जड कसलं रे? फुलासारखं फिरत होतं. वळण आलं की मी वळवायच्या आधीच…” ती जरा थांबली. “पण इकडे कशी आले, कळलं नाही. मी सरळ घरीच चालले होते.”

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. पट्टा नव्हताच. तो खिळ्याला टांगलेला त्याच्या पाठीमागे भिंतीवर होता.

“घरापर्यंत तूच ने ना, दादा. दमले मी.” तिने किल्ली त्याच्या हातात दिली, आणि वळसा घालून पलीकडच्या दाराने चढली. चढली ती थेट खिडकीला चिकटून बसली, मधली जागा सोडून, जशी सवयच असावी.

मिस्त्री ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला. बहीण उतरून एवढा वेळ झाला, तरी सीट वर आली नव्हती. कुणी जड माणूस बसावा तशी खोल दबलेली होती.

“बस ना,” बहीण म्हणाली.

तो बसला नाही. नुसता बघत राहिला. थोड्या वेळाने सीट करकरत वर आली. आणि मधली जागा सावकाश खाली दबली.