घराकडं तोंड

दिशा, तू ओवत राहा, हात थांबवू नको. सांजेच्या बाजाराला हार गेले पाहिजेत. सांगते मी सगळं. पण मधेच "मावशी, तुला भास झाला असेल" म्हणालीस ना, तर हीच सुई टोचीन.

सुभेदाराला आणला त्याला नऊ वर्षं झाली. फूलबाजारातलं भटकं कुत्रं ते, एक टेम्पो त्याच्या पायावरून गेला आणि लोक नुसते बघत उभे. मागचा डावा पाय कायमचा गेला. माझ्याही डाव्या पायाला करंगळी नाय, लहानपणी विळ्यानं गेली. म्हटलं, चल बाबा, देवानं जोडी जमवलीय! फुलांच्या पाटीत घातला अन् मखमलाबादला घेऊन आले. तेव्हाच अर्धा म्हातारा होता, पण बसायचा असा रुबाबात की नाव आपोआप पडलं. पहाटे मी झेंडू तोडायला सरीत शिरले की तो पुढं चालायचा. टप, टप, टप, अन् मग पाय घासल्याचा आवाज, खर्र. सरीच्या टोकाला जाऊन माझी वाट बघत बसायचा. अंधारात एकटीनं शेतात जायची भीती मला त्याच्यामुळं कधी वाटली नाय.

गेल्या डिसेंबरात एक दिवस त्यानं भाकरीला तोंडच लावलं नाय. दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं, हिरड्या पांढऱ्याफटक. छायानं, माझ्या सुनेनं, रिक्षा बोलावली. शहरातले डॉक्टर म्हणाले, पोटातली गाठ फुटलीय, आत रक्त साठलंय, आता त्याला त्रासातून सोडवू. मी मान हलवली.

"आजी, डोकं मांडीवर घ्या त्याचं," ते म्हणाले. "तुम्ही दिसलात की तो घाबरणार नाही."

आणि मी काय केलं? दाराबाहेर पळाले. खरंच पळाले गं. एवढी तोंडाची तिखट बाई, पण तेवढं मात्र झालं नाय माझ्याच्यानं. छाया सांगते, इंजेक्शन देईपर्यंत तो दाराकडं बघत होता. नंतरही तिकडंच.

शेजारच्या मळ्यातल्या पुंजानं आमच्या शेताच्या पार टोकाला खड्डा खणला. फुलं तोडताना मी कमरेला बांधते त्या जुन्या ओटीत आम्ही सुभेदाराला गुंडाळला. मीठ टाकलं.

"तोंड घराकडं कर," मी म्हणाले.

पुंजाचे हात थांबले. "घराकडं नाय करत, मालनबाई. मग वाट दिसती त्याला... जात नाय ते."

"नाय गेला तर नाय गेला. तुझ्या बापाचं काय जातंय?"

केलं बिचाऱ्यानं.

दुसऱ्या पहाटे धुकं एवढं होतं की हातातलं फूल दिसेना. मी सरीत वाकलेली. आणि ऐकू आलं. टप, टप, टप... खर्र. ओल्या केसांचा वास आला, त्यात दवाखान्यातल्या औषधाचा वास मिसळलेला. भीती? कसली भीती! मला एवढा आनंद झाला की मी हाकच मारली. पण उजाडल्यावर बघते तर ओल्या मातीत ओढलेल्या पायाची रेघ, खड्ड्यापासून निघालेली, सरीच्या मध्यावर येऊन थांबलेली.

पुढच्या दिवशी ती विहिरीपर्यंत आली. त्याच्या पुढच्या दिवशी गोठ्यापर्यंत. अन् आवाज बदलत गेला. टप कमी, खर्र जास्त, मधे मधे धाप. तेव्हा काळजात चर्र झालं माझ्या. अगं, तो पोटातली कळ घेऊनच निघाला होता! जे दुखणं संपवायला नेलं, तेच घेऊन मी त्याला फरपटत चालायला लावलं होतं. मला सोडवेना म्हणून.

चौथ्या पहाटे मी फुलं तोडायला गेलेच नाय. आदल्या सांजेला छायानं अंगण सारवलं होतं, धुक्यानं ते ओलंच होतं. मी दार उघडलं आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसले. आवाज गोठ्यापाशी आला. थांबला. अंगणात आला. नुसतं पांढरं पांढरं, काही दिसेना. मी डोळे मिटले.

मांडीवर वजन आलं.

गार होतं, पण त्याचंच होतं. हात फिरवला तर तोच खडबडीत कान.

"आले रे," मी म्हणाले. "पळाले मी तेव्हा... चुकलं माझं. आता नाय पळत. बघ माझ्याकडं. लय केलंस माझ्यासाठी... आता नीघ तू. मी इथंच हाय."

किती वेळ बसले देव जाणे. झोप लागताना होतं तसं सगळं मऊ झालं होतं. कुठंतरी देवळातली घंटा वाजत होती, विहिरीच्या तळातून यावी तशी. धाप हळू होत गेली. मग मांडी हलकी झाली. रडले मी, पण बरं वाटलं गं, लय बरं वाटलं.

छाया चहा घेऊन आली तेव्हा ऊन पडलं होतं. मी तशीच उंबऱ्यावर. ती अंगणाकडं बघून जागीच उभी राहिली. एक रेघ घराकडं आलेली. आणि घरापासून परत निघालेले ठसे, गोठ्यावरून, विहिरीवरून, सरीत शिरलेले. त्यात कुठंच फरपट नव्हती. चारही पाय नीट उमटलेले. त्या ठशांच्या शेजारून माणसाची अनवाणी पावलं त्याच्याच चालीनं गेलेली. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

"मी उठले नाय गं इथून," मी म्हणाले.

पुंजाला बोलावलं. तिघं माग काढत खड्ड्यापर्यंत गेलो. दोघांची पावलं तिथं संपत होती. घराकडं परत येणारं एकही पाऊल नव्हतं. पुंजा मागं सरकला. छाया माझ्याकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आई... मग तुम्ही परत कशा आलात?"

तेव्हापासून बघतेस ना तू, ती चहाचा कप माझ्या हातात देत नाय. खाली ठेवते, अन् मी उचलेपर्यंत बघत उभी राहते.