चादरीची दोन टोकं

"धरा हे," म्हणत तिने चादरीची दोन टोकं त्याच्या हातात कोंबली, आणि हा माणूस कोण, कुठला, कशाला आलाय, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता त्यात तिचा तरी काय दोष? दवाखान्याची गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, घड्या घालणारी बाई घरी पोराच्या तापात अडकलेली, आणि नेमका तेव्हाच एक उंच माणूस वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत दारात उभा. तिला वाटलं, ड्रायव्हरच्या जोडीचा असेल. मोठी चादर काही एकट्याने घडी होत नाही. समोर कोणीतरी लागतंच.

"मागे जा... अजून... आता ताणा. ताणा म्हणजे मला ओढून नेऊ नका. हं. या आता इकडे."

तो आला. टोकाला टोक जुळवत दोघं जवळ आली, तिने त्याच्या बोटांतून टोकं काढून घेतली, आणि त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"उलटी घातलीत," ती म्हणाली. "परत."

गाडी मार्गी लागली तेव्हा कुठे त्याला स्वतःची ओळख सांगायला मिळाली. तो फंडाकडून आला होता. ते ऐकून तिचा चेहरा असा उतरला की इस्त्रीच्या टेबलामागून तिची आत्या खो खो हसत सुटली.

"ज्यांची वाट बघत बसलो होतो त्या पाहुण्यांनाच कामाला जुंपलंस? शाब्बास गं बाई."

तेव्हापासून तो सगळ्यांचा 'पाहुणे' झाला. आणि ती तर सगळ्यांची ताईच होती. माघारी तिला 'कडक' म्हणायचे, पण ते माघारीच.

फंडाचं प्रकरण जरा सांगायला हवं. ही वस्ती अशी, की घरात नळ नाही आणि बायकांचा अर्धा दिवस पाण्यामागे जायचा. तिने आणि आत्याने एका भाड्याच्या शेडमध्ये धुलाईघर काढलं. दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या चादरी धुवायच्या, आणि त्या कमाईच्या जोरावर वस्तीतले कपडे नावापुरत्या पैशात धुऊन द्यायचे. वस्तीतल्याच बायका कामाला. चांगलं चाललं होतं. पण शेडचा मालक शेड विकायला निघाला. पावसाळ्याआधी जागा मोकळी करा म्हणाला, आणि त्याच्यापुढे कोणाची डाळ शिजेना. पलीकडे नवी जागा होती, पण तिथे बॉयलर बसवायचा, सांडपाण्याची सोय करायची, म्हणजे पैसा आला. बँकांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. राहता राहिला हा फंड. तो दान देत नसे. अशा वस्त्यांमधल्या, तिथल्याच माणसांनी उभ्या केलेल्या धंद्यात पैसा गुंतवायचा, सावकाश परत घ्यायचा आणि मध्ये वस्तीचं काय भलं झालं ते बघायचं, अशी त्यांची रीत. गुंतवण्याआधी त्यांचा माणूस येऊन सगळं पारखून जायचा. तोच हा, उलटी घडी घालणारा.

आठवडाभर त्याने सगळं बघितलं. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कोणाला काय येतं. वागायला गोड, कधी आवाज चढवायचा नाही. बाकीच्यांचं ऐकून तोही तिला ताईच म्हणू लागला. आणि मग एक दिवस म्हणाला, "ताई, आता तुम्ही इथून जा."

"कुठे?"

"कुठेही. पण तीन आठवडे इथे पाऊल टाकायचं नाही. फोनही करायचा नाही, घरी आत्यांशीही कामाचं बोलायचं नाही. आमची पद्धत आहे. जे काम एकाच माणसाच्या जिवावर चालतं, त्यात फंड पैसे घालत नाही. उद्या तुम्हाला ताप आला तर?"

"मला ताप येत नाही."

"बरं, पण आला तर..."

"अहो, येतच नाही म्हटलं ना."

"जा बाई तू," आत्या म्हणाली. "तेवढंच आम्हालाही जरा मोकळं बसता येईल."

गेली बिचारी. गेली म्हणजे कुठे, तर दोन गल्ल्या सोडून घरी. पहिल्या दिवशी घर धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला राहवेना, म्हणून रस्त्यावरच्या पादचारी पुलावर जाऊन उभी राहिली. तिथून धुलाईघराचं धुराडं दिसायचं. वाफ येतेय म्हणजे काम चालू आहे, एवढं तरी कळायचं.

आणि बसस्टॉपकडे जायला त्यालाही तोच पूल. समोर ती दिसल्यावर तो थबकला.

"हे नियमात बसतं का?" त्याने विचारलं.

"पूल सरकारचा आहे. चादरी वेळेवर गेल्या का आज?"

"ते मला सांगता येणार नाही."

"आत्या घरी काही सांगत नाही. मनगट दुखतंय का तिचं?"

"तेही नाही. कामाचं सोडून काहीही विचारा."

"कामाचं सोडून मला काही येत नाही."

ती हे इतक्या खरेपणाने बोलली की तो हसला नाही. कठड्याला बॅग टेकवून उभा राहिला. मग त्याने विचारलं, लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची? तिला असलं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने विचार करून सांगितलं, "आत्या कामावरून परत येणार नाही याची."

तिथून सगळं सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही. पुढे रोज संध्याकाळी तो पूल, तो कठडा आणि कामाचं सोडून बाकी सगळं. तो लहानपणी बोलताना अडखळायचा, म्हणून अजूनही आधी शब्द मनात जुळवून घेतो. त्याची आई शिंपीण होती आणि त्याच्या शर्टाचं बटण तुटलं की अजूनही त्याला तिची आठवण येते. आणि ही? हिला चक्क गाता येतं, पण मशीनच्या आवाजात, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. एकदा भुरभुर पाऊस आला. त्याने छत्री उघडली आणि सगळी तिच्याच डोक्यावर धरली.

"तुम्ही भिजताय," ती म्हणाली.

"मग... जवळ येऊ?"

"चादर नाहीये मध्ये, तर एवढे घाबरताय कशाला?"

तो सरकला, आणि छत्री दोघांच्या डोक्यावर आली. घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आज त्याने तिला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. कालही नाही, परवाही नाही. कधी सुटलं ते ताई? अंथरुणावर पडल्या पडल्या ती एकेक संध्याकाळ मागे नेऊन आठवत राहिली, आणि तिला इतकं हसू यायला लागलं की आत्या कूस बदलून म्हणाली, "बरं नाही वाटत का गं? का खरंच ताप आला?"

तीन आठवडे सरले. धुलाईघर तिच्यावाचून व्यवस्थित चाललं होतं. ते कळल्यावर तिला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. पुलावरच त्याने सांगितलं. सांगून झाल्यावरही तो जाईना. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"परवा फंडाची बैठक आहे. तुम्हालाही यायचंय. तिथे एक प्रश्न असतो... दरवेळी, सगळ्यांसमोर, तोंडी विचारतात. पारखणाऱ्याचं अर्जदाराशी काही नातं आहे का? आजवर मी 'नाही' म्हणत आलो."

"मग?"

"यावेळी म्हणता येणार नाही."

खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. तिने कठडा घट्ट धरला. आयुष्यात एवढं सुख तिच्या वाट्याला एकदम कधी आलं नव्हतं, आणि ते कुठे ठेवावं तेच तिला कळेना. तिने मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

"ही काय रीत झाली सांगायची?" ती म्हणाली.

"शब्द जुळवत होतो. दोन आठवडे."

तिचा हात कठड्यावर होता. त्याने त्यावर हात ठेवला, चादरीचं टोक द्यावं इतक्या हलक्या हाताने. थोड्या वेळाने तिच्यातली कडक बाई जागी झाली.

"तुम्ही असं सांगितलंत, तर पुढे काय होईल?"

"माझी पारख रद्द. दुसरं कोणीतरी येईल, पुन्हा पहिल्यापासून बघेल. पुढच्या वर्षी पैसे मिळतील. नक्की मिळतील."

"आणि शेड?"

त्याने मान हलवली. शेडच्या मालकाला तो स्वतः जाऊन भेटला होता, मुदत वाढवून मागायला. मालकाने त्याला दारातही उभं केलं नव्हतं.

"आता काहीच बोललो नाही आणि मागाहून..." तिने सुचवून बघितलं.

"एका ठिकाणी तसं झालं होतं. लपवलं आणि मागाहून लग्न केलं. फंडाने सगळा पैसा परत मागितला, कारखाना बंद पडला. आणि मला खोटं बोलताच येत नाही हो. तोंडावर दिसतं."

"बघू," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली. दारात गाठोडी घेऊन बायका उभ्या होत्या, रोजच्यासारख्याच. घड्या घालणारी मांडीवर पोराला घेऊन बसली होती. तिने हसून विचारलं, "ताई, नव्या जागेत पोरांसाठी एक कोपरा ठेवाल ना?" ती "ठेवू की" म्हणाली आणि मशीनच्या मागे जाऊन रडली. मशीनचा आवाज मोठा होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

बैठकीची खोली थंडगार होती. आत्याने स्वतः इस्त्री करून दिलेला ड्रेस घालून ती टेबलाच्या एका बाजूला बसली, शेजारी तो. अध्यक्षबाई वयस्कर, प्रेमळ होत्या. त्यांनी धुलाईघराचं कौतुक केलं, दोन-चार गोष्टी विचारल्या आणि मग सवयीने त्याच्याकडे वळल्या. "आता आमचा नेहमीचा प्रश्न. यांच्याशी तुमचं काही नातं, काही संबंध?"

त्याने शब्द जुळवायला घेतले. तिला ते शेजारी बसून कळत होतं. त्याने श्वास घेतला, ओठ उघडले...

"नातं?" ती मोठ्याने म्हणाली. "मॅडम, यांना साधी चादरीची घडी घालता येत नाही. पहिल्याच दिवशी सगळी उलटी घालून ठेवली. असल्या माणसाशी कोण नातं जोडेल?"

टेबलाभोवती हशा पिकला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "छान," त्या म्हणाल्या. "पण मला यांच्या तोंडून ऐकायला हवं."

तो तिच्याकडे बघत होता. ती समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे. तिने मान वर केली असती, तर त्याने खरं सांगितलं असतं, याची तिला खात्री होती. म्हणून तिने मान वर केली नाही.

"नाही," शेवटी तो म्हणाला. "ताईंशी माझं काही नातं नाही."

ताई. इतक्या दिवसांनी. तिला वाटलं, कोणीतरी तापलेली इस्त्री छातीवर टेकवली आणि उचललीच नाही. अध्यक्षबाई तोवर दुसऱ्या कागदाकडे वळल्या होत्या. पैसे मंजूर झाले.

बाहेर लिफ्टपाशी दोघंच उभी राहिली. इथे कुठे वाफ नव्हती, तरी त्याचा चष्मा धुरकटला होता.

"तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत," तो म्हणाला.

"बोलला असतात, तर खरं बोलला असतात."

"हो."

"म्हणूनच. पुसा तो चष्मा. दिसत नसेल काही."

"नकोच दिसायला," तो म्हणाला, आणि लिफ्ट आली.

त्याने स्वतःहून दूरच्या शहरातलं काम मागून घेतलं. देखरेखीला दुसरी कोणी यायला लागली. पावसाळ्याच्या तोंडावर धुलाईघर नव्या जागेत गेलं. बॉयलर आला. भिंतीकडेला पोरांचा कोपरा झाला, त्यात घड्या घालणारीचा पोरगा दुपारचा झोपायला लागला. वस्तीच्या पलीकडच्या वस्तीतूनही गाठोडी यायला लागली. सगळं तिने मागितलं होतं तसंच झालं. संध्याकाळी मात्र ती पुलावरून जायची नाही. खालून, रस्ता ओलांडून जायची.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी एकदा सगळ्या बायका घरी गेल्यावर आत्या इस्त्री बंद करून तिच्यापाशी येऊन बसली.

"काय गं, पाहुण्यांचा काही पत्ता?"

"नाही."

"मी म्हातारी आहे, आंधळी नाही. अंथरुणात हसायचीस ती कोणासाठी? आणि हल्ली झोपेत रडतेस ती कोणासाठी?" आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा त्याच्याकडे. इथलं आम्ही बघतो. आता तुझ्यावाचून चालतं आमचं, त्यानेच तर शिकवलं."

"नाही जाता येणार, आत्या."

"का? कोण अडवतंय?"

"मी सगळ्यांसमोर नाही म्हटलंय." तिने समोर बोट दाखवलं. "हा बॉयलर, या मशीन, तो पोरांचा कोपरा, सगळं त्या नाहीवर उभं आहे. आज मी हो म्हटलं, तर हे सगळं बंद पडेल. आणि ते खोटे ठरतील ते वेगळंच. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं गं. मी बोलायला लावलं."

आत्याने भाचीला जवळ घेतलं, आणि त्या कडक बाईने लहानपणी कधी रडली नव्हती तेवढं रडून घेतलं. मग डोळे पुसून ती उठली. दवाखान्याची शेवटची मोठी चादर तशीच पडली होती, सकाळी गाडी येणार होती.

"धर," ती म्हणाली.

आत्याने समोरून टोकं धरली. दोघी मागे सरल्या, चादर ताणली, दुमडली, जवळ आल्या. आत्याने तिची टोकं तिच्या हातात दिली आणि घडीकडे बघून थांबली.

"उलटी घातलीस गं," ती म्हणाली.

"असू दे," ती म्हणाली, आणि घडी तशीच गठ्ठ्यावर ठेवली.